यादीत शेवटी गेलेला ऊस

१९८६ साली पाऊस पडलाच नाही. आमच्या सहकारी साखर कारखान्यात मात्र त्या वर्षी कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला मला घेतलं. तुळजापुरातल्या आमच्या पुजाऱ्यांच्या घरातून पुण्याला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकलेला मी पहिलाच. कोणाचा ऊस कधी तोडायचा, याची यादी काढणारा प्रोग्रॅम मी एकट्यानं लिहिला. कोणाला तपासू दिला नाही.

त्याआधी बारा वर्षं ही यादी बेंबळीचे पिराजी हातानं करत. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. माझी पहिली यादी वाचून ते टेबलाशी आले.

"साहेब, जळकोटच्या मथुराबाईचा ऊस सगळ्यात जुना, गेल्या सालच्या जुलैतला. त्यो शेवटाला कसा गेला?"

सगळं ऑफिस ऐकत होतं. मी मान वर न करता म्हणालो, "मशीन चुकत नसतं. तुमच्याच रजिस्टरात चूक असेल, बघा."

त्यांनी तीन दिवस बसून सगळी रजिस्टरं पुन्हा तपासली. चूक नाही, हे सांगायला आले, तेव्हा मी कामात असल्याचं दाखवलं.

तीन आठवड्यांनी पुढची यादी काढली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. पहिल्या पानावरच्या सगळ्या लावणी नऊ तारखेच्या, दुसऱ्यावरच्या दहा तारखेच्या. महिना, वर्ष कुठलंही. माझा प्रोग्रॅम तारखेतला नुसता दिवस बघून क्रम लावत होता. एक ते आठ तारखांचा ऊस तोपर्यंत तुटून गेला होता. मथुराबाईंची लावण एकोणतीसची. दुरुस्तीला पाच मिनिटं लागली.

पिराजींना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चला, जळकोटला जाऊन येऊ."

मथुराबाईंची विहीर आटली होती. उभा ऊस वाळत चाललेला बघून त्यांनी तो जनावरांना घालायला सुरुवात केली होती. चूक माझी, असं मी म्हणालो. त्यांनी पिराजींकडं पाहिलं, मग मला विचारलं, "ह्यांनी तुमाला सांगितलं न्हवतं का?"

"सांगितलं होतं."

त्या विळा उचलून सरीत शिरल्या.

राहिलेला ऊस दुसऱ्या दिवशी तोडला. तो निम्माही नव्हता. ऑफिसात सगळ्यांसमोर मी पिराजींची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि नवी यादी पुढं ओढून पहिल्या नावापासून वाचायला घेतली. त्यांची वाचून होईपर्यंत मी उभाच राहिलो.