महादेवाची चूल

“गुडघा धरलाय म्हनलं ना. यंदाचा निवद तूच कर, नर्मदा.”

जनकाबाईची धाकटी जाऊ दारातच थबकली. श्रावणात महादेवाच्या भंडाऱ्याचं पुरण जनकाबाईनंच शिजवायचं, हा गावचा शिरस्ता. पाळी गेलेल्या बाईलाच त्या चुलीशी बसता येई, आणि त्यातही जिच्या हाताला चव तिलाच. पोटी लेकरू नाही, नवरा कधीचा गेलेला, जन्म दुसऱ्याच्या रानात निंदण्यात सरला. गावानं तिला मान म्हणून दिला तो एवढाच. तो ती आपखुशीनं सोडील, हे कुणाला पटावं?

गुडघा ठणठणीत होता. पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती आणि होळीपासून पुन्हा अंगावरून जाऊ लागलं होतं. सांगावं तर चूल सुटणार. न सांगता बसावं तर देवाशी खोटं. बिचारीनं सगळं गुडघ्यावर ढकललं. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी मनाची समजूत घातली, पण धास्ती जाईना.

लेकरांना टोचायला येणारी नर्स कमलबाई मूळची वसमतची. त्या आठवड्यात ओसरीवर टेकली आणि म्हणाली, “मावशी, बुधवारी औंढ्याच्या दवाखान्यात मोठ्या डाक्टरीणबाई येऊन राहिल्यात. बायांची पिशवी तपासनार हायेत. चला.”

“आप्रेशन तर न्हाई ना करत? मागं नसबंदीपायी मानसं रानात लपली व्हती.”

“न्हाई वो. पिशवीच्या तोंडाचं पानी काडीनं काचेवर घ्यायचं, बास. काही तकलीफ नसली तरी दोन-तीन सालाला बघून घ्यावं. हा पिशवीचा कॅन्सर आधी दुखत न्हाई, अन् दुखाया लागला की उशीर झालेला असतो.”

जनकाबाई बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिली.

“पाळी गेल्यावर परत जाया लागलं तर?”

“कुनाला?”

“हाय एक बाई.”

“त्या बाईला घेऊनच या,” कमलबाई हळू आवाजात म्हणाली. “तो विटाळ न्हाई, मावशी.”

बुधवारी कमलबाई नि ती दोघी एसटीनं औंढ्याला गेल्या. लाजेनं जनकाबाईनं पदर तोंडावर घेतला तो शेवटपर्यंत काढला नाही. काचेची वाट पाहायची गरजच पडली नाही. रोग डोळ्यांनी दिसत होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. दोन वर्षांआधी आला असतात तर गोष्ट लहान होती, एवढंच म्हणाल्या.

मोठ्या शहरात मशीनचे शेक झाले. ती परत आली ती निम्मी होऊन. रोग थोडा थांबला होता, गेला नव्हता. पुढचा श्रावण जवळ आला तशी भंडाऱ्याची बैठक भरली, आणि जनकाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, “महा गुडघा धरला नव्हताच. अंगावर जात व्हतं, अन् मी चुलीपायी लपवलं. ते मह्या जिवावर आलं. आता चूल नर्मदाला देते. पर या चुलीशी जी बसंल तिनं आधी औंढ्याला दाखवून यायचं. अन् दर दोन सालाला परत.”

म्हातारे पुंजाजी कुरकुरले. “देवाच्या चुलीला डाक्टर काहून?”

“देवानं मला सांगितलं न्हाई, दादा. डाक्टरणीनं सांगितलं.”



भंडाऱ्याच्या सोमवारी जनकाबाई देवळाच्या पायरीवर गोधडीत बसून होती. चुलीजवळ जाण्याइतकं बळ आता नव्हतं. डाळ शिजल्याचा वास येत होता. नर्मदाबाई गुळाची परात घेऊन बाहेर आली आणि समोर उभी राहिली.

“गेलतीस?”

“गेलते, जाऊबाई. काच साफ निघाली. मह्यासंगं आनिक चौघीजनी आल्त्या.”

जनकाबाईनं डोळे पुसले.

“मंग घाल गूळ,” ती म्हणाली.