खनिजाला नाव कोणाचं

वाघोलीकडच्या दगडखाणीत दीक्षाला नवं खनिज सापडलं आणि पहिला फोन तिनं दत्तप्रसादला केला. मला नाही! आम्ही दोघंही तिचे भूशास्त्राचे शिक्षक. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी. पण पोरं कायम त्याच्याभोवती, आणि मी बसते वह्या तपासत.

मग एका रविवारी दीक्षा नारायण पेठेत माझ्या घरी आली. म्हणाली, "मॅडम, शोधनिबंधावर माझं आणि सरांचं नाव आहे. खनिजाला मात्र तुमचं नाव द्यायचंय. प्रेमलाइट! जिवंत माणसाची संमती लागते, म्हणून आले."

दुसरी कुणी असती तर हरखून गेली असती. माझी गाडी पहिल्याच वाक्यावर अडली.

"शोधणाऱ्यांत तो, मग मी का नाही?"

"दोन्ही नाही जमत, मॅडम. शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव खनिजाला द्यायचं नाही, असा जगभरचा नियम आहे."

"म्हणजे तो संशोधक आणि मी नुसता दगड?"

"निबंध चार लोक वाचतील. खनिजाचं नाव कायम राहतं."

"मला शिकवू नकोस! माझं नाव निबंधावर घाल. त्याच्या आधी."

तिनं चहा अर्धाच ठेवला. पण ऐकलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी दत्तप्रसाद डबा उघडता उघडता म्हणाला, "अभिनंदन, मॅडम. मी निबंधातून बाहेर पडलो बरं का."

"का हो?"

"खनिजाचं नाव रिकामं झालं ना. दीक्षा म्हणाली, सर, तुम्ही बाहेर पडलात तर तुमचं देता येईल. दत्तप्रसादाइट. जरा लांबतंय, पण चालेल."

चालेल म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्यासमोर रडू नये म्हणून उठले आणि थेट दीक्षाची प्रयोगशाळा गाठली. म्हटलं, "मला काढ निबंधातून. माझंच नाव दे."

"सरांनी संमती दिली, मॅडम. आज नावाचा प्रस्ताव पाठवायचाय." मग ती जरा घुटमळली. "हेच नाव का, एवढा परिच्छेद राहिलाय. तो तुम्हीच लिहा ना. सरांना तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?"

नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? लिहिलं. सुट्टीच्या दिवशी, उन्हातान्हात, स्वतःच्या गाडीतून मुलांना खाणी दाखवणारा माणूस. विद्यार्थ्यांच्या शोधावर कधी हक्क न सांगणारा. एक शब्द खोटा नव्हता, आणि तेच जास्त झोंबत होतं.

वाचताना दीक्षाचे डोळे भरून आले. "मॅडम, सरांबद्दल तुम्हाला इतकं वाटतं? कधी बोलला नाहीत."

"सही कुठं करायची, ते सांग," मी म्हटलं.