चौथा काटेरी मेळा

डॉक्टरबाईंनी पेनाचं बूड गोंदोच्या उजव्या खांद्याखाली टेकवलं.

“हे सहावं वर्ष. काटेरी तार. अकरा टाके.”

नेझूने व्रणाशेजारी फूटपट्टी धरली, फोटो काढला आणि वहीत नोंद केली. पेन चार बोटं खाली सरकलं.

“नववं. ट्यूबलाइट. सतरा. त्यातले दोन त्याने घरी जाऊन खाजवून काढले, ते मी पुन्हा घातले. म्हणजे एकोणीस धरा.”

गोंदो पालथा पडून होता. एकोणसाठ वर्षांचा, एकशे आठ किलोचा पैलवान तपासणीच्या अरुंद टेबलावर आडवा झाला की काळजी टेबलाची वाटते. पण त्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे जेवढा गादीबाहेर दिसत होता तेवढ्यावर, तृप्ती होती. आयुष्यात पहिल्यांदाच नगरपालिका त्याची पाठ अधिकृतपणे वाचत होती.

त्यालाही कारण होतं. परंपरा म्हणजे काय, याबद्दल जगात वाद असतील. नागिउराच्या नगरपालिकेत नव्हता. एखादी गोष्ट गावात तीस वेळा झाली की ती परंपरा. एकोणतीस वेळा झाली तर ती नुसती सवय. काटेरी मेळ्याचं यंदा तिसावं वर्ष होतं. नोव्हेंबरच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मासळी बाजाराच्या लिलावाच्या शेडमध्ये रिंग उभी राहायची, दोरांच्या जागी काटेरी तार लागायची, पैलवान एकमेकांच्या अंगावर ट्यूबलाइट फोडायचे, आणि गावातली माणसं डबे घेऊन सहकुटुंब कुस्ती बघायला यायची. यंदाचा मेळा झाला की त्याचं नाव पालिकेच्या परंपरांच्या यादीत जाणार होतं, भाताच्या लावणीचं नृत्य आणि समुद्रदेवाची पालखी यांच्या खाली, तिसऱ्या क्रमांकावर. इतिहासाचं प्रदर्शन मांडायचं काम नेझूकडे आलं होतं. ती वारसा विभागात दोन वर्षांपूर्वी बाहेरगावाहून बदलून आलेली, आणि न मोजलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. गोंदोने जाहीर करून टाकलं होतं की तिसावा झाला की आपण बूट काढणार. सवयीतून त्याला निवृत्त व्हायचं नव्हतं. परंपरेतून व्हायचं होतं.

“पहिलं, दुसरं, तिसरं झालं,” नेझू वही चाळत म्हणाली. “पाचव्यापासून पुढचंही सगळं झालं. चौथं?”

पेन थांबलं.

“चौथं पाठीवर नाही,” गोंदोने गादीला सांगितलं. “कपाळावर आहे.”

तो उठून बसला. नेझू फूटपट्टी घेऊन जवळ गेली आणि फूटपट्टी कुठे धरावी ते तिला कळेना. कपाळ सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं होतं.

“इथे काहीच दिसत नाही.”

“दिसणार कसं? चौदा टाके घातलेत बाईंनी, बाहुलीचं झबलं शिवल्यासारखे.”

“कपाळ होतं ते, पोतं नव्हतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. सत्तरीला दोन वर्षं कमी असलेल्या त्या बाईंच्या आवाजात किंचित कौतुक होतं, आणि ते गोंदोचं नव्हतं.

“पोतंच शिवायचं होतं ना! ओसाकाचे पैलवान नुसतं व्रणांचं कपाळ दाखवतात, लोक उठून जागा देतात. मला बघून विचारतात, तुम्ही विमा कंपनीत का?”

नेझू हसली नाही. तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. कागद सव्वीस वर्षं जुना होता, पण त्यावरचा लाल शिक्का कालच मारल्यासारखा होता.

“पालिकेच्या दप्तरात हे मिळालं. चौथ्या वर्षी मेळ्याला परवानगी द्यावी का, असं पालिकेने डॉक्टरांना विचारलं होतं. उत्तर आहे, ‘मानवी शरीरास अत्यंत अपायकारक. परवानगी देऊ नये.’ खाली ‘मेळा रद्द’ असा शेरा. शिक्का तुमचा आहे, डॉक्टर.”

“माझाच आहे.”

“अपायकारक तर होतंच,” गोंदो समजूतदारपणे म्हणाला. “पण रद्द नव्हता झाला. बंदरापलीकडे माकुल मासळी सुकवायची शेड होती, तिथे केला आम्ही. विनापरवाना. बाहेरचे पैलवान बंदीला घाबरून आले नाहीत, तर इथल्याच इसोबेला उभा केला. बोटीवरचा गडी, आयुष्यात एकदाच रिंगमध्ये चढला. तसली कुस्ती मी आधी केली नाही आणि नंतरही नाही.”

“छायाचित्र?”

“विनापरवाना कार्यक्रमाचं कोण काढतं?”

“इसोबे?”

“सहा वर्षांपूर्वी बोट परत आली, तो आला नाही.”

नेझूने मान खाली घातली आणि मग पुढचा प्रश्न विचारला.

“रेफरी कोण होतं? मी त्यांना गाठते.”

अकराव्या वर्षी एकशे चव्वेचाळीस ट्यूबलाइट आणल्या होत्या आणि त्यातल्या दोन फुटल्याच नाहीत, हे ज्याला पाठ होतं, तो गोंदो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आठवत नाही.”

“मग माझा नाइलाज आहे. मी गावातल्या त्रेसष्ट लोकांना विचारलं. सगळे एकच सांगतात. त्या वर्षी मेळा झाला नाही, आम्ही घरी लोणच्याचे मुळे खारवत होतो.”

“त्रेसष्टच्या त्रेसष्ट?”

“मलाही वाटलं, एकाच दुपारी सगळं गाव मुळे कसं खारवेल. पण नोव्हेंबर म्हणजे मुळ्यांचेच दिवस.” तिने वही मिटली. “यंदाचा मेळा एकोणतिसावा ठरतो, गोंदोसान. पत्रकांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मी छापून देईन. चिकटवायला माणूसही देईन.”

पत्रकं प्रत्येक खांबावर होती. मासळी बाजाराच्या फाटकावर होती. सार्वजनिक न्हाणीघरात पुरुषांच्या आणि बायकांच्या, दोन्ही बाजूंना होती. गोंदोने टेबलाखालचा सदरा उचलला, आणि उलट्या बाजूने घालायला लागला.

“द्या चिठ्ठ्या,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षीही उभा राहीन. साठीला काय होतंय.”

त्याने हात बाहीत घातला तेव्हा डाव्या खांद्यात कट्‌ असा आवाज झाला. त्या खांद्याला पुढचं वर्ष नाही, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. एकीने तो जोडला होता आणि दुसऱ्याचा तो होता.

डॉक्टरबाई उठल्या. पांढरा कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला, आतल्या ब्लाउजच्या उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर केली.

“फूटपट्टी आणा.”

मनगटापासून कोपराकडे एक व्रण गेला होता. तो कुठे रुंद होता, कुठे वाकडा होता, एका ठिकाणी कातडीला चक्क चुणी पडली होती. नवशिक्याने भर वादळात जाळं शिवावं तसं ते काम होतं.

“हे कुणी केलं?” गोंदो ओरडलाच. त्याने हे कधी पाहिलं नव्हतं.

“मी. डाव्या हाताने. गाडीत बसून. तुझं कपाळ आधी शिवलं, उजव्या हाताला रुमाल बांधून. मग माझं शिवायला उजवा हात कुठून आणू? नऊ टाके आहेत, लिहा. माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट.”

मग त्यांनी रुग्णाचा इतिहास सांगावा तसं सांगितलं. परवानगी देऊ नये असं लिहिलं ते मनापासून लिहिलं होतं. आणि ही माणसं तरीही कुस्ती करणार हे माहीत होतं, म्हणून बॅग घेऊन शेडच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून शस्त्रक्रियेची टोपी, मास्क आणि चष्मा असा सगळा जामानिमा केला होता. मध्येच कुणीतरी ‘पोलीस!’ म्हणून ओरडलं आणि रेफरी कुंपणावरून उडी मारून पळाला.

“रेफरी नाही म्हटल्यावर कुस्ती संपेना. कुस्ती संपेना तर याचं रक्त थांबेना. मग मी चढले. इसोबे याच्या अंगावर पडला, मी आडवी झाले, आणि हात आपटून तीन मोजले. खाली काचा होत्या.”

“अडीच,” गोंदो म्हणाला.

“काय?”

“तीन नव्हते, बाई. अडीच होते. सव्वीस वर्षं तोंडात धरलंय. मी खांदा उचलणारच होतो.”

काटेरी मेळ्यात कोण जिंकणार हे देवाच्या हाती असतं. आणि देव आदल्या दिवशी गोंदोकडे चहा पिऊन जातो, असं गावात म्हणत. त्या वर्षी देवाने काय ठरवलं होतं, ते गोंदोच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“माझ्या दुसऱ्या हातात तुझं मनगट होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नाडी एकशे चाळीसला पळत होती. मी नाडीवर मोजलं.”

गोंदोने त्यांच्या हाताकडे पुन्हा एकदा पाहिलं. वाकड्या टाक्यांवरून त्याची नजर हळूहळू गेली, जशी एखाद्याची दुसऱ्याच्या नव्या बोटीवरून जाते.

“काय झकास आलाय,” तो पुटपुटला. “आणि माझ्या वाट्याला विमा कंपनी.”

नेझूने फोटो काढला होता, पण पेन उचललं नव्हतं.

“डॉक्टर, ही नोंद केली तर तुमच्या शिक्क्याखाली येईल. प्रदर्शनात दोन्ही एकाच काचेत लागतील. बंदी तुमची आणि रेफरी तुम्हीच. तेव्हा हे कळलं असतं तर नोकरी गेली असती.”

“म्हणून तर याला गप्प बसवला होता. आता दवाखाना माझा आहे, मला कोण काढणार? लावा शेजारी शेजारी. दोन्ही खरं आहे.”

“आणखी एक साक्षीदार लागेल,” नेझू म्हणाली. आवाज मऊ झाला होता, नियम नाही. “प्रेक्षकांपैकी. संबंधित दोन माणसांच्या सांगण्यावर नोंद होत नाही.”

“प्रेक्षक तर सगळे मुळे खारवत होते,” गोंदो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी दार उघडलं. बाहेरच्या बाकांवर मंगळवारची नेहमीची मंडळी बसली होती. सात-आठ म्हातारे, त्यांचे गुडघे आणि त्यांचे रक्तदाब. या मंडळींना सांगायचं तर सरळ सांगावं, म्हणून त्या बाही वर केलेल्या हातानिशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“चौथ्या वर्षी मेळा झाला होता. रेफरी मी होते.”

कुणीही दचकलं नाही. मग टोकाच्या बाकावरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि विचारलं,

“मग आता बोललं तर चालेल का, डॉक्टरबाई?”

डॉक्टरबाई एक पाऊल बाहेर आल्या.

“तुम्हाला माहीत होतं? माझ्या तोंडावर मास्क होता!”

“मास्क तोंडाला होता, चालीला नव्हता,” आजींच्या शेजारचे मुरोझोनो म्हणाले. ते मासळी बाजारातले जुने लिलाववाले. “आणि रेफरी पळाला तो मीच. पोलीस आला म्हणाले. पोलीस आला होता हे खरं, पण तो तिकीट काढून आला होता.”

“तीनशे माणसं होती हो,” कुणीतरी म्हणालं.

“दोनशेच. शेड केवढीशी!”

“आणि कुणीच कसं बोललं नाही?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“गावाला डॉक्टर एकच होता,” मुरोझोनो म्हणाले. ते एवढं साधं होतं की त्यांना ते सांगायला लागलं याचाच संकोच वाटला. “मुळ्यांचं माझ्या बायकोने सुचवलं.”

नेझू दारात वही उघडून उभी होती. एक साक्षीदार हवा होता, आणि बाकावर सगळे एकदम बोलत होते. काठीवाल्या आजी तेवढ्या बोलत नव्हत्या. त्या इसोबेच्या आई होत्या. गुडघ्यासाठी दर मंगळवारी यायच्या, आणि मुलाविषयी, बोटीविषयी, समुद्राविषयी एक अक्षर कधी काढायच्या नाहीत. गलका थोडा कमी झाला तेव्हा त्या नेझूला म्हणाल्या,

“माझा यासुओ जिंकला होता त्या दिवशी. या गोंदोला हरवलं त्याने. मला कुणाला सांगता आलं नाही.”

“जिंकला खरा,” मुरोझोनो म्हणाले, “पण मोजलं फार घाईत. मी कुंपणापलीकडून बघत होतो. तिसरा हात पडला तेव्हा अजून...”

“तीन होते.”

गोंदो डॉक्टरबाईंच्या मागे येऊन उभा राहिला होता, सदरा उलटा आणि बटणं उघडी.

“पूर्ण तीन,” तो म्हणाला. “मी खाली होतो, मला माहीत. खांदा हलवता येत नव्हता, आजी. असा दाबला होता पोराने.”

मुरोझोनोंनी आजींकडे बघून मान डोलावली. डॉक्टरबाईंनी गोंदोकडे पाहिलं नाही. हळूच बाही खाली करायला घेतली होती, ती तशीच वर राहू दिली.

नेझूने लिहायला सुरुवात केली. चौथा मेळा, माकुल सुकवायची शेड, रेफरी, साक्षीदार. तिचं पेन चालत होतं तेवढा वेळ आजी काठीवर भार देऊन पुढे वाकल्या होत्या.

“त्याच्या नावापुढे काय लिहिलंत?”

“विजयी.”

“मोठ्याने वाचा.”

नेझूने वाचलं. मग, बाकाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू कमी येतं म्हणून, पुन्हा एकदा वाचलं.