रंगाचा भाव

सगुणा मटार सोलत होती आणि तिचा नवरा दौलत तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मोठ्याने वाचत होता. शुद्धलेखनाच्या चुका त्याला बरोबर सापडत. 'विक्रेत्यांनी आपसांत ठरवलेला भाव' या शब्दांपाशी तो अडखळला, मग पुढे वाचू लागला.

ठाण्याच्या लॉ कॉलेजात शिकवता शिकवता तिने मक्तेदारीविरोधी कायद्यावर पीएच.डी. करायला घेतली, तेव्हा अभ्यासक बड्या उद्योगघराण्यांवरच लिहीत. एक्क्याण्णवच्या उदारीकरणानंतर वारं फिरलं. आता परिसंवादांत चर्चा असे ती स्पर्धक गुपचूप हातमिळवणी कशी करतात याची. तिचे मार्गदर्शक त्र्यंबक सर तर म्हणालेच होते, की नुसते जुने निकाल चाळून भागणार नाही. एखादं जिवंत उदाहरण शोधा.

"मिळालं का उदाहरण?" दौलतने कागद खाली ठेवत विचारलं.

"माझ्याशी कोण बोलणार?"

दौलत म्हणाला, की कल्याणच्या एका हॉटेलात रंग बनवणारे कारखानदार अधूनमधून जेवायला जमतात आणि पुढचा भाव तिथेच ठरतो. कागदावर काही नसतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तो नोकरीला आहे त्या कारखान्यातर्फे, विक्री बघणारा म्हणून, तोच जातो.

सगुणाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे मला लिहिता येणार नाही," ती म्हणाली. "नाव वगळलं तरी तुमच्या शेटना कळेल. आणि यापुढे ऑफिसातलं मला काही सांगू नका."

त्याने मान हलवली. तिने उदाहरणाविनाच प्रकरण पुरं करायला घेतलं.

पुढच्या महिन्यात दौलत एकदा भरदुपारी घरी आला. कल्याणच्या जेवणात सगळ्यांनी भाव वाढवायचं ठरवलं होतं. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, की आमचा आहे तोच राहील. आज सकाळी शेटनी बोलावून राजीनामा मागितला. तो देऊन आला होता.

"कशाला बोललात तसं?"

"तुझं ते प्रकरण कितीदा वाचलं मी. तोंडातून 'हो' निघेना." मग तो म्हणाला, "आता लिहायला हरकत नाही ना? कागद घे."

सगुणाने कागद घेतला नाही. दोन ताटं वाढली. दोघं जेवली. हात धुऊन ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्यांदा गेलात, तिथपासून."