बिननावाचा माणूस

सिअ‍ॅटलमधल्या त्या कंपनीत शुक्रवारच्या बैठकीत एक खेळ चाले. त्यांच्या ब्राउझरवर एखाद्या माणसाने आठवडाभर काय काय शोधलं ते विभागप्रमुख कॉर्विन पडद्यावर दाखवी. बाकीच्यांनी ओळखायचं: वय काय, करतो काय, त्याला काय विकता येईल. नाव आधीच काढलेलं असे, त्यामुळे यात कुणाला काही गैर वाटत नसे. टिल्डा ब्रॅनिगनलाही आजवर वाटलं नव्हतं.

"'उजवा हात आपोआप थरथरतो'," कॉर्विनने वाचलं. "'कंपवात कोणत्या वयात होतो.' 'गाडी चालवणं कधी थांबवावं.'"

"आजोबा!" ड्वेन ओरडला. "न सांडणारा कप विका त्यांना!"

सगळे खो खो हसले. टिल्डाने पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाचल्या.

हे तिने शोधलं होतं. घरी, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर; शोधलेल्याची नोंद राहू नये म्हणून ब्राउझरची खासगी खिडकी उघडून. आपण रांधलेलं आधी आपण चाखायचं, ही तिथली रीत. ब्राउझरची नवी आवृत्ती पहिल्यांदा कर्मचाऱ्यांनी वापरायची आणि चाचणीपुरती ती खासगी खिडकीतलंही टिपून घेई. टिल्डाला हे ठाऊक होतं; भीतीच्या भरात ती विसरली. डॉक्टरांनी अजून नक्की काही सांगितलं नव्हतं. तोवर ऑफिसात कुणाला कळू नये, एवढंच तिला हवं होतं. तिची बढती कॉर्विनच्या हातात होती.

"'आजारपण साहेबाला सांगावंच लागतं का'," कॉर्विनने पुढचं वाचलं. "अरे, आजोबा नोकरी करतात!"

"मग साहेबालाच विका काहीतरी," ड्वेन म्हणाला. "नवा माणूस!"

"आजोबा नाहीत ते," टिल्डा म्हणाली. "मी आहे."

हसणं जागच्या जागी थांबलं.

"टिल्डा, मला काय माहीत? यात नाव कुठंय?" कॉर्विन म्हणाला.

"पुसून टाक. आत्ता."

"तसं नाही पुसता येत." कॉर्विनचा आवाज समजुतीचा झाला. "नावच नाही, तर कुणाचं म्हणून पुसणार? आधी त्याला तुझं नाव जोडावं लागेल. तू लेखी संमती दिलीस की..."

"म्हणजे उचलताना नाव लागत नाही, परत मागितलं की लागतं?"

"'उचलताना' काय म्हणतेस? अटी मान्य केल्या होत्यास तू."

"केल्या. तुझ्यावर विश्वास ठेवून, न वाचता केल्या. मूर्ख मी!"

कॉर्विनचा हात पडदा बंद करायला वळला.

"थांब. शेवटची ओळ राहिलीय. मघाशी किती रंगून वाचत होतास. वाच."

"जाऊ दे ना, टिल्डा."

"वाच, कॉर्विन."

त्याने पडद्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. तो वाचेना.

"मग मी वाचते." ती उभी राहिली. "'आठ वर्षांच्या मुलीला हे कसं सांगावं.' हं, बोल ड्वेन. हिला काय विकायचं?"