चार पूर्णांक शून्य एक दोन

प्रयोगशाळेत त्यांना दशांशराव म्हणत. लोकांचे वीजमीटर खरं बोलतात की नाही, हे तपासणारं उपकरण त्यांच्या ताब्यात होतं. त्यामुळे लोकांबद्दलही आपल्याला तेवढंच बारकाईनं कळतं, असा त्यांचा समज होता.

रविवारी सकाळी ते उपकरण घरी आणून त्यांनी मुख्य तारेवर बसवलं. दिवे, पंखे, फ्रिज, सगळं बंद केलं. आकडा शून्यावर यायला हवा होता. तो ४.०१२ वॅटवर थांबला.

दशांशराव बसले, उठले, पुन्हा बसले. दारावरच्या बेलची वायर काढली. ४.०१२. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. ते घरच्या विजेवर चालत नाही, हे काढल्यावर आठवलं.

"वरचा चोरतोय," ते म्हणाले. वर धाकटा भाऊ राहायचा, स्वतःच्या वेगळ्या मीटरवर.

"चार वॅट?" बायको म्हणाली. "त्यात काय काजवे पाळलेत का भाऊजींनी?"

"प्रश्न वॅटचा नाही, वृत्तीचा आहे."

ही वृत्ती त्यांनी जिन्यात उभं राहून धाकट्याला ऐकवली, दशांशासकट. धाकट्यानं आपला मेन स्विच पाडून दाखवला. आकडा ढिम्म.

"तयारीचा दिसतोस," दशांशराव म्हणाले.

"दादा, मी चोर असेन तर दुसरी खोली बघतो."

थोड्या वेळात वरून ट्रंक सरकवल्याचा आवाज आला. खाली दशांशरावांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. ट्रंक वाजली की ते आकड्याकडे बघत, आकड्याकडून जिन्याकडे.

"अहो, फ्रिजमधलं दूध नासेल. सगळं नक्की बंद केलंत ना?"

"सगळं!"

"मग कोपऱ्यातल्या प्लगला ही काळी वायर कसली?"

"ती उपकरणाची. ते काय हवेवर चाल—"

त्यांची नजर वायरीवरून आकड्यावर गेली. उपकरण अगदी बरोबर होतं. चार पूर्णांक शून्य एक दोन वॅट ते स्वतःच खात होतं, आणि सकाळपासून इमानदारीत कबूल करत होतं.

ट्रंक जिन्यात आली होती. दशांशरावांनी धावत जाऊन तिची दुसरी कडी धरली.

"थांब. माझी चूक झाली."

"किती?" धाकट्यानं विचारलं.

"सगळी," दशांशराव म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदाच दशांश सोडून.

धाकट्यानं आपली कडी सोडली नाही. पण ट्रंक एक पायरी वर सरकली.