मास्तरांच्या बोटातली पहारेकरीण

आज सकाळपासून आभाळ दाटलंय, गार वारा सुटलाय आणि शिंपीमास्तरांच्या बोटांचे सांधे सुजलेत. त्यातल्याच एका सांध्यातून मी बोलतेय. मी एक पेशी. अंगाला झाडासारख्या फांद्या, म्हणून डॉक्टर मला डेंड्रायटिक पेशी म्हणतात. नाव एवढं मोठं, पण मी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

जन्म हाडाच्या मगजातला, काम पहाऱ्याचं. सापडेल त्याचा कण उचलायचा, काखेतल्या गाठीत, म्हणजे आमच्या चौकीत, जायचं आणि तिथल्या शिपाई पेशींना दाखवायचा. दाखवायचीही रीत असते. शांतपणे दाखवला तर शिपाई समजतात, हा घरचा, याला हात लावायचा नाही. बोंब मारत दाखवला की तोच कण चोर ठरतो.

मास्तरांच्या सांध्यांतली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, आमच्या कितीतरी पिढ्यांनी शांतपणे दाखवली. कुणी शाबास म्हटलं नाही. पहारा नीट असला की पहारेकरी कुणाला आठवतो?

मग मास्तरांची हिरडी पिकली. बायको सांगून थकली, दात दाखवून या. मास्तरांचं एकच, हातातलं काम संपू दे. तोवर अंगभर जंतूंचा गोंधळ माजला. त्या गोंधळात माझ्या थोरल्या बहिणीच्या हातात कूर्चेचा कण होता आणि तोंडात बोंब होती. शिपाई धावले. हिरडी बरी झाली, पण शिपायांनी कूर्चेला वैरी म्हणून ओळखून ठेवलं ते ठेवलंच. बहीण केव्हाच गेली. निस्तरतेय मी. सुजलेल्या सांध्यात हळू बोलायची सोयच नाही, मीही ओरडतेच.

डॉक्टरांनी सांगितलं, हा आमवात, तुमच्याच अंगातले पोलीस तुम्हाला धरतायत.

"म्हणजे माझ्या घरातला चोर मीच?" मास्तरांनी विचारलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी शिपाई पेंगतात, विसरत नाहीत.

लेकीला नोकरी लागली. तिचा कोट मास्तरांनी शिवला, फक्त वरचं काज राहिलं. ती म्हणाली, बाबा, मशीनवर करून घेते. मास्तरांनी ऐकलं नाही. उभ्या जन्मात त्यांनी काज मशीनवर केलं नव्हतं.

आज ते खिडकीशी बसले. सुई धरली, सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. आत शिपाई कुरतडत होते आणि मी त्यांना तोच कण पुन्हा दाखवत होते. मला दुसरं येतं काय? कुणी मला पुन्हा हळू बोलायला शिकवाल का?

तेवढ्यात शेजारचा न्हावी आला. एरवी तो चिडवायचा, मास्तर, तुमचं एक काज होईस्तोवर माझ्या गिऱ्हाइकाची दाढी परत वाढते. आज चिडवलं नाही. खाली पडलेली सुई उचलून त्यानं कोटाला टोचून ठेवली. मास्तर बोटांकडे बघत बसले होते. डॉक्टरांचं ते पोलिसांचं बोलणं न्हाव्यालाही ठाऊक होतं. तो म्हणाला,

"परक्यानं मारलं असतं तर गल्ली डोक्यावर घेतली असती तुम्ही. घरच्यानंच मारलंय ना, म्हणून गप्प बसलाय."